नकाशा पास झाला की आर्किटेक्ट संपतो?

नागपूरच्या आमच्या बॅचच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: आर्किटेक्चरच्या जागा कमी कराव्यात का? एक बाजू म्हणते, पाच वर्षं शिकून मिळणाऱ्या पगारात धरमपेठेत खोलीसुद्धा भाड्यानं परवडत नाही, तेव्हा कॉलेजं बंद करा. दुसरी म्हणते, पोरांना जर्मनीला पाठवा. मी श्टुटगार्टला नोकरी करते, म्हणून उदाहरणाला माझंच नाव येतं. मला दोन्ही उपाय पटत नाहीत.

नागपुरात बांधकाम थांबलंय का? बेसा, मनीषनगर, वर्धा रोड, जिकडे जावं तिकडे स्लॅब पडताहेत. मेट्रो धावते, विमानतळालगत मिहानचा औद्योगिक प्रकल्प आहे, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग थेट मुंबईला भिडलाय. काम आहे, पण त्यातलं फार थोडं आर्किटेक्टकडून करून घेतलं जातं.

बहुतेक मालकांना हवा असतो मंजुरीचा नकाशा. एनआयटीतून (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा महापालिकेतून तो पास झाला की पुढचं ठेकेदार आणि मिस्त्री बघतात. पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा का गाळला, हे विचारायला साईटवर कुणी नसतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की त्याची किंमत घरातली म्हातारी माणसं आणि लेकरं मोजतात. याचा मला खरोखर राग येतो.

जर्मनीत फीचं एक सरकारी कोष्टक आहे, एचओएआय. त्यात इमारतीचं काम नऊ टप्प्यांत वाटलंय. परवानगीच्या टप्प्याला एकूण फीच्या ३ टक्के, वर्किंग ड्रॉइंगला (ज्यावरून साईटवर बांधतात ते तपशीलवार नकाशे) २५, साईटवरच्या देखरेखीला ३२. युरोपीय न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर त्यातल्या किमान-कमाल दरांची सक्ती गेली, पण टप्पे तेच राहिले आणि करार अजूनही त्यांच्याच आधारे होतात. नवख्या पोरीला पगार देता येतो तो या २५ आणि ३२ मधून. आपल्याकडे मंजुरीच्या तुटपुंज्या फीवर अख्खं ऑफिस चालवायचं, मग ट्रेनीच्या हातावर काय पडणार!

कायद्याचाही भारतात फारसा आधार नाही. १९७२ चा आर्किटेक्ट्स कायदा ‘आर्किटेक्ट’ या नावाला संरक्षण देतो, कामाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तसं स्पष्टच केलं. आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरनं फीचे दर छापलेत, पण घासाघीस सुरू झाली की ते कोण काढून दाखवतं?

आणि जर्मनीचं म्हणाल, तर इथेही घरबांधणी मंदावली आहे. सरकारचं लक्ष्य होतं वर्षाला ४ लाख घरांचं. २०२४ मध्ये पूर्ण झाली सुमारे अडीच लाख. भाषा नीट येत नसेल तर साईटवर कुणी उभं करत नाही, आणि आर्किटेक्टांची नोंदणी ठेवणाऱ्या चेंबरच्या यादीत नाव लागेपर्यंत स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. ज्यांना यायचं त्यांनी जरूर यावं, मी मदत करीन. पण वर्षाकाठी बाहेर पडणाऱ्या सगळ्यांची सोय इथे होणार नाही.

जागांवर भांडण्याऐवजी आपल्या बॅचनं महापालिकेकडे एक मागणी न्यावी: भोगवटा प्रमाणपत्र देताना वर्किंग ड्रॉइंग आणि साईटभेटींची सही केलेली नोंद मागा. सुरुवात चार मजल्यांहून उंच इमारतींपासून करा. मसुदा लिहायला मी तयार आहे.