‘युरोपचं अंधारयुग’ वाला फॉरवर्ड आणि तारखांचा घोळ

परवा घरच्या ग्रुपवर मामांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही आला असणार, कारण दर सहा महिन्यांनी तो नव्याने फिरतोच. मजकूर थोडक्यात असा: पाचव्या शतकापासून पंधराव्यापर्यंत युरोपात हजार वर्षं नुसता काळोख होता, लोक पृथ्वी सपाट मानायचे आणि गोल म्हणणाऱ्याला जाळायचे, आंघोळ जन्मात एक-दोनदा, चर्चने ९० लाख बायका चेटकीण म्हणून जाळल्या, प्रेत फाडायला बंदी होती म्हणून वैद्यकाचा पत्ता नाही, गावातल्या नव्या नवरीवर पहिला हक्क जमीनदाराचा, आणि पोप अन् राजा संगनमताने रयतेला पिळत होते, कोणाची ब्र काढायची टाप नव्हती. शेवटी हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’. मी खाली एकच ओळ लिहिली की यातलं निम्मं चुकीच्या शतकात टाकलंय, तर मामा म्हणाले, "मग लिही की सविस्तर, गोऱ्यांची एवढी बाजू घेतोस तर." बाजूबिजू काही नाही हो मामा, पण घ्या सविस्तर.

सपाट पृथ्वीपासून सुरू करू, हा सगळ्यात चिवट. इंग्लंडच्या उत्तरेला एका मठात बीड नावाचा साधू राहायचा, त्याने ७२५ मध्ये कालगणनेवर पुस्तक लिहिलं, त्यात पृथ्वी ढालीसारखी चपटी गोल नाही तर चेंडूसारखी गोल आहे असं साफ म्हटलंय. पुढे १२३० च्या आसपास साक्रोबोस्को नावाच्या मास्तराने खगोलाचं एक छोटंसं पाठ्यपुस्तक लिहिलं जे विद्यापीठांत तीन-चारशे वर्षं चाललं, आणि त्यात पुरावा काय दिलाय तर जहाज बंदरातून निघालं की डेकवर उभा असलेल्याला किनाऱ्यावरची खूण दिसेनाशी होते पण डोलकाठीवर चढलेल्याला तीच खूण अजून दिसत असते, कारण मधे पाण्याचा फुगवटा येतो. आपण पाचवी-सहावीत हेच शिकलो की! राजाच्या हातातला तो सोन्याचा गोळा ज्यावर क्रॉस असतो, तोही जगाचंच चिन्ह आहे, सपाट जग मानणाऱ्यांनी थाळी धरली असती.

मग कोलंबसचं काय? त्याचं भांडण आकारावरून नव्हतंच, अंतरावरून होतं. कॅनरी बेटांपासून पश्चिमेला जपान साधारण साडेचार हजार किलोमीटरवर आहे असा त्याचा हिशोब, प्रत्यक्षात ते एकोणीस-वीस हजार. स्पेनच्या दरबारातले पंडित म्हणत होते की एवढ्या लांब जहाज नेलंस तर खायला-प्यायला पुरणार नाही, आणि पंडितांचंच बरोबर होतं, मधे अमेरिका आडवी आली म्हणून हा वाचला. ‘लोक पृथ्वी सपाट समजत होते आणि कोलंबसने डोळे उघडले’ ही गोष्ट अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंगने १८२८ मध्ये कोलंबसच्या चरित्रात रंगवून लिहिली, तिथून ती शाळेच्या पुस्तकांत गेली. आता कोणी म्हणेल ब्रूनो, गॅलिलिओ? ब्रूनो या इटालियन तत्त्वज्ञाला जाळलं १६०० मध्ये, गॅलिलिओवर खटला १६३३ मध्ये. दोन्ही वाईटच, पण दोन्ही मध्ययुग संपल्यावरचं आणि पृथ्वी गोल की सपाट हा प्रश्न दोन्हींत नाही. गॅलिलिओचं भांडण पृथ्वी फिरते का यावर होतं. हा तारखांचा घोळ लक्षात ठेवा, पुढे परत परत येणारे.

आंघोळ. पॅरिसमध्ये १२६८ च्या सुमारास एतिएन ब्वालो नावाच्या शहरप्रमुखाने तिथल्या सगळ्या धंद्यांचे नियम लिहून काढले. सोनार, बेकरीवाले, विणकर यांच्यासारखेच त्यात हमामखानेवाल्यांचेही नियम आहेत. नुसती वाफ घ्यायची असेल तर २ दनिए (तिथलं छोटं नाणं), टबात बसून आंघोळ करायची तर ४. आणि एक नियम तर मला फारच आवडतो, हमाम तापला म्हणून गल्लोगल्ली ओरडत जायचं असायचं त्यांना, तर उजाडायच्या आत कोणी ओरडायचं नाही, कारण ती हाक ऐकून लोक अंधारात उठून आंघोळीला निघतात आणि वाटेत काही बरंवाईट होऊ शकतं. म्हणजे बघा, जन्मात दोनदा आंघोळ करणाऱ्यांसाठी पहाटेच्या ओरडण्यावर कायदा करावा लागतो काय? १२९२ च्या करवसुलीच्या यादीत पॅरिसमध्ये पंचवीसच्या वर हमामखानेवाले सापडतात. खेड्यातला शेतकरी नदीवर किंवा घंगाळात काय धूत असेल ते धूत असेल, त्याला काही रोज अत्तर लावलेलं पाणी नव्हतं, ते मान्य. पण हे हमाम बंद पडत गेले सोळाव्या शतकात. एकीकडे सिफिलिस हा गुप्तरोग आला, दुसरीकडे प्लेगची भीती, गरम पाण्याने अंगाची छिद्रं उघडतात आणि रोग आत शिरतो असं डॉक्टर सांगायला लागले, शिवाय सरपण महागलं. युरोपातले पारोसे राजेरजवाडे ज्यांच्या गोष्टी आपण चवीने सांगतो, ते बहुतेक या नंतरच्या काळातले.

चेटकिणींच्या बाबतीत तर अगदी चोर सोडून संन्याशाला फाशी. ९० लाख हा आकडा अठराव्या शतकात एका जर्मन गृहस्थाने थोड्याशा नोंदींवरून गुणाकार करून काढलेला आहे. आज अभ्यासक जो अंदाज देतात तो सगळ्या युरोपात मिळून ४० ते ६० हजारांचा, आणि तोही मुख्यतः १४५० ते १७५० या काळातला, त्यातही १५६० ते १६३० ला कहर. म्हणजे छापखाना आलेला, अमेरिका सापडलेली, पोपविरुद्ध बंड करणारा लूथर होऊन गेलेला, तेव्हा. बहुतेक शिक्षा गावच्या नाहीतर संस्थानाच्या सरकारी कोर्टांनी दिल्यात. त्याउलट ज्याला आपण काळंकुट्ट मध्ययुग म्हणतो त्यात काय होतं? ७८५ च्या सुमारास फ्रँकांचा राजा शार्लमेन याने जिंकलेल्या सॅक्सन मुलखासाठी जो कायदा केला त्यात असंय की एखादी बाई चेटकीण आहे असं मानून जो तिला जाळेल त्यालाच देहदंड. आणि दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक चर्चचा नियम आहे ज्यात म्हटलंय की रात्री बायका जनावरांवर बसून आकाशातून उडत जातात हे खरं मानणं हाच मूर्खपणा आणि धर्मद्रोह. हे सगळं फार उदारमतवादी होतं असं मी म्हणत नाहीये, जादूटोण्यासाठी दंड-प्रायश्चित्तं होतीच, पण ९० लाख चिता तर नव्हत्या. आपल्याकडे इन्क्विझिशन (धर्मद्रोह्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) म्हटलं की गोवा आठवतं म्हणूनही घोळ होतो बहुतेक. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० ला सुरू झालं आणि १८१२ ला कायमचं बंद झालं, ते पोर्तुगीज राजसत्तेच्या आशीर्वादाने चाललेलं प्रकरण, आणि तेही मध्ययुगातलं नव्हेच.

प्रेताच्या बंदीमागे एक खरी गोष्ट आहे. धर्मयुद्धाला गेलेला सरदार लांब कुठेतरी मेला की त्याचं प्रेत घरी आणायला महिने लागायचे, म्हणून प्रेताचे तुकडे करून मोठ्या कढईत उकळायचे, मांस तिकडेच पुरायचं आणि हाडं स्वच्छ करून घरी आणायची. पोप आठवा बोनिफास याला हा प्रकार किळसवाणा वाटला, १२९९ मध्ये त्याने फर्मान काढून यावर बंदी घातली. कढईवर बंदी, सुरीवर नाही. इटलीतल्या बोलोन्यात १३०२ मध्ये विषप्रयोगाच्या संशयावरून प्रेत उघडून तपासल्याची नोंद आहे आणि तिथल्याच मोंदिनो नावाच्या वैद्याने १३१६ मध्ये शरीररचनेवर पुस्तक लिहिलं, स्वतः फाडून पाहिलेल्या प्रेतांच्या आधारावर. तरी फर्मानाची झळ अजिबात लागली नाही असंही नाही, मोंदिनो एका ठिकाणी लिहितो की कानाजवळची बारीक हाडं उकळल्याशिवाय नीट दिसत नाहीत, पण पापाच्या भीतीने मी ती सोडून देतो. एवढं खरं, बाकी फुगवलेलं.

नव्या नवरीचा मुद्दा पटकन संपवतो. असा हक्क कोणी बजावल्याची भरवशाची नोंद नाही. खरी जाचक गोष्ट वेगळी होती. वेठीच्या कुळाला आपल्या मुलीचं लग्न लावायचं तर जमीनदाराला पैसे मोजावे लागायचे, आठवड्यातले दोन-तीन दिवस त्याच्या शेतावर फुकट राबायचं, दळण त्याच्याच गिरणीत न्यायचं. यात सनसनाटी काही नाही म्हणून फॉरवर्डमध्ये येत नाही.

आता मुख्य मुद्दा, पोप आणि राजाचं संगनमत. अहो, एका म्यानात दोन तलवारी राहतात का? आणि गंमत म्हणजे तिकडेही उपमा दोन तलवारींचीच होती, एक धर्माची, एक राज्याची, आणि दोन्ही शेवटी कोणाच्या हातात यावर काही शतकं मारामाऱ्या झाल्या. बिशप, म्हणजे एका विभागाचा मुख्य धर्मगुरू, हा नुसता पुजारी नसायचा, त्याच्याकडे जमिनी, वसुली, घोडेस्वार असायचे, त्यामुळे बिशप कोण नेमणार हा सरळसरळ सत्तेचा प्रश्न. जर्मनीचा राजा चौथा हेन्री म्हणाला मी नेमणार, पोप सातवा ग्रेगरी म्हणाला मी. ग्रेगरीने त्याला धर्माबाहेर टाकलं, बहिष्कृत राजाशी आम्ही बांधील नाही म्हणून सरदार फिरले, आणि १०७७ च्या जानेवारीत हा राजा भर थंडीत आल्प्स ओलांडून इटलीतल्या कानोसाच्या किल्ल्यासमोर तीन दिवस अनवाणी उभा राहिला. तेव्हा पोपने माफ केलं. पोप जिंकला? कुठलं काय, सात वर्षांनी हेन्रीने रोम घेतलं आणि ग्रेगरी १०८५ मध्ये परागंदा होऊन सालेर्नोत मेला. मिटवामिटवी व्हायला ११२२ उजाडलं, ठरलं काय तर बिशपला अंगठी आणि धर्मदंड चर्च देणार आणि जमिनीच्या हक्काचा राजदंड सम्राट, म्हणजे जर्मनीचा राजाच, देणार. आणि वर ज्याचं कढईवालं फर्मान सांगितलं तो बोनिफास, त्याला तर फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी १३०३ मध्ये त्याच्याच गावी, अनान्यीत, घरात घुसून धरलं, महिनाभरात म्हातारा गेला. हे संगनमत?

या ओढाताणीच्या फटीत बाकीच्यांना जागा मिळाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ११७६ मध्ये लेन्यानोला उत्तर इटलीतल्या शहरांच्या आघाडीने सम्राट बार्बारोसाला हरवलं, आणि ती शहरं पोपच्या बाजूची होती. ११८८ मध्ये स्पेनमधल्या लिओनच्या राजाने सभेला शहरांचे प्रतिनिधी बोलावले. १२१५ मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी राजा जॉनकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला, ज्यात राज्याच्या संमतीशिवाय ठरावीक कर नाहीत आणि कायदेशीर निवाड्याशिवाय स्वतंत्र माणसाला कैद नाही असं आहे. तिथे पोप राजाच्या बाजूला होता, त्याने काही आठवड्यांत तो रद्द केला. म्हणजे बाजू सोयीप्रमाणे बदलायच्या. आणि त्यातला ‘स्वतंत्र माणूस’ म्हणजे सगळे नव्हेत हो, वेठीची कुळं बाहेरच.

ब्र काढायची टाप नव्हती म्हणता, तर पॅरिसचा १२२९ चा किस्सा ऐका. कार्निव्हलचे दिवस, विद्यार्थी एका दारूच्या गुत्त्यात बसलेले, दारू मस्त होती म्हणे, बिलावरून मालकाशी जुंपली. मालकाने शेजारीपाजारी गोळा करून पोरांना धुतलं. दुसऱ्या दिवशी पोरं काठ्या घेऊन आली, गुत्ता फोडला, दारू रस्त्यावर ओतली. राज्यकारभार बघणाऱ्या राजमातेच्या हुकमाने शिपाई सुटले आणि त्यांनी काही विद्यार्थी मारले, ज्यांचा या भांडणाशी संबंधही नव्हता. मास्तरांनी शिकवणं बंद केलं. एक-दोन दिवस नाही, दोन वर्षं! मास्तर आणि पोरं ऑक्सफर्डला, ऑर्लियाँला, तुलूझला निघून गेली. तुलूझवाल्यांनी तर जाहिरातच केली की पॅरिसमध्ये बंदी असलेले ॲरिस्टॉटलचे ग्रंथ आमच्याकडे शिकवतो. शेवटी १२३१ मध्ये पोपने पत्र काढून विद्यापीठाला कायदेशीर हक्क दिला की अन्याय झाला आणि दाद मिळाली नाही तर व्याख्यानं बंद ठेवा. चर्चची ॲरिस्टॉटलवरची बंदी खरीच होती, पण १२५५ पर्यंत तेच ग्रंथ त्याच पॅरिसच्या अभ्यासक्रमात सक्तीचे झाले. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ तात्त्विक विधानांवर पुन्हा बंदी घातली, म्हणजे गाडी पुढे-मागे चाललेली.

मग काळोख नव्हताच का मामा? होता, पण फॉरवर्डमध्ये त्याची एक ओळ नाही. १२९० मध्ये इंग्लंडच्या राजाने आपल्या राज्यातले सगळे ज्यू हाकलले. १३४८ मध्ये प्लेग आला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी आवई उठली. पोप सहावा क्लेमेंट याने त्याच वर्षी फर्मानं काढून सांगितलं की प्लेगने ज्यूही मरतायत, आणि जिथे ज्यू नाहीतच तिथेही लोक मरतायत, मग त्यांचा दोष कसा? आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्ग शहराच्या नगरसभेनेही ज्यूंना संरक्षण द्यायचा प्रयत्न केला. तर कारागिरांच्या संघांनी ती सभाच उलथवली, नवी बसवली, आणि १४ फेब्रुवारी १३४९ ला शेकडो ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत जाळलं. त्यांच्याकडून घेतलेली कर्जं माफ झाली, गहाण वस्तू परत मिळाल्या, आणि रोकड सापडली ती कारागिरांत वाटून घेतली. प्लेग तेव्हा स्ट्रासबुर्गला पोचलासुद्धा नव्हता.