अर्ध्या पगाराचा तो मेसेज

‘नोकरी गेली की सरकार तीन महिने अर्धा पगार देते, फॉर्म भरा,’ हा मेसेज २०२०च्या टाळेबंदीत प्रत्येक बेरोजगारासाठी असल्यासारखा फिरला. तसे नव्हते.

योजना खरी: अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, जुलै २०१८ पासूनची. पण पैसा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) महामंडळाचा, म्हणजे ज्यांच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते त्यांच्यासाठीच. २०२० मध्ये त्यासाठी पगाराची मर्यादा साधारण २१,००० रुपये होती. आधी मदत सरासरी रोजच्या मजुरीच्या २५ टक्के होती. २०२० मध्ये ती ५० टक्के केली आणि मालकामार्फत न जाता कामगाराला थेट दावा करता येऊ लागला. हा बदल खरंच कामाचा, कारण बंद कारखान्याचा मालक शोधायचा कुठे? मात्र तेव्हा किमान दोन वर्षांची विमाकृत नोकरी, म्हणजे ईएसआयची वर्गणी भरली जाणारी नोकरी, हवी होती; लाभ आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. गैरवर्तनासाठी काढलेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना काहीच नव्हते.

नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, फेरीवाले? ज्यांची वर्गणीच कधी कापली गेली नाही, ते या योजनेबाहेरच. संताप असेल तर तो इथे असावा. आणि फॉर्म भरून देण्याचे पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.