हप्ता येईलच, तुम्ही कोड देऊन टाका

वरुडकडचा शेतकरी संत्र्याचा बगीचा विकताना आधी इसार घेतो. व्यापारी पहिल्या तोड्याला थोडे पैसे देतो, दुसऱ्या तोड्याला भाव पडल्याचं सांगतो आणि तिसऱ्यानंतर त्याचा फोन लागत नाही. हा अनुभव आज्यापासून चालत आलेला आहे, म्हणून डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, विकताना त्याचा अजिबात उपयोग करायचा नाही.

समजा, वेबसाइटचं एक चांगलं नाव तुम्ही कधीतरी घेऊन ठेवलं होतं आणि आता ते कोणी सहा हप्त्यांत मागतंय. पहिला हप्ता पडला रे पडला की नावाचं कुलूप उघडा, ट्रान्सफरचा कोड, म्हणजे नाव दुसऱ्याच्या खात्यात नेण्याची किल्ली, काढा आणि व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे व्हा. काही शंकेखोर लोक सांगतील, शेवटचा हप्ता मिळेपर्यंत नाव आपल्याच खात्यात किंवा एस्क्रोवाल्याकडे (सौदा पुरा होईपर्यंत सांभाळणाऱ्या तिसऱ्याकडे) ठेवा, घेणाऱ्याला फक्त नेमसर्व्हर, म्हणजे नाव कोणत्या साइटकडे न्यायचं ती सेटिंग, जोडून द्या. त्याची साइट चालते आणि सातबारा आपल्या नावावर राहतो. अशा लोकांना गावात कोणी चहा पाजत नाही.

करारनामा तर नकोच. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पच्या जागी पाचशेचा लागतो, तेवढ्यात सावजीचं जेवण होतं. केलाच, तर तारीख 'पोळ्याच्या आसपास' अशी लिहा. किती दिवस उशीर चालेल, सौदा मोडला तर भरलेले हप्ते कोणाचे, हे आधी विचारणं म्हणजे साखरपुड्यात काडीमोडाची बोलणी काढणं. चेक मिळाला तर कपाटात ठेवा. तो परत आला तर बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि वकील बसतो तालुक्याला.

हप्ता चुकला की कारणं ऐकून घ्या. एका महिन्यात सोयाबीन भिजलं, पुढच्यात कापसाचा चुकारा अडकला, त्यापुढच्यात साळ्याचं लग्न. सगळी खरी असतात (सोयाबीन तर दरवर्षीच भिजतं, माझंही भिजलं). फक्त ट्रॅक्टरचा हप्ता भरताना ती त्याला आठवत नाहीत.

आता, कोड द्यायला माझ्यासारखाच तुमचाही जीव झाला नसेल, तर नेमसर्व्हर फिरवून त्याची साइट बंद पाडण्याचा दुष्ट विचार मनात येईल. आणू नका. उलट नूतनीकरणाचा मेल तुम्हालाच येतो, तेव्हा पैसेही तुम्हीच भरा. तसं .कॉम नाव मुदत संपल्या दिवशी मरत नाही. रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवणारी कंपनी, सहसा काही दिवस सवड देतो, मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही मोकळं. पण एवढी वाट कशाला पाहायची? सीझन ऐन भरात असताना घेणाऱ्या पोराचं दुकान बसेल.

मी भरले. दोनदा.

परवा त्याच साइटवर संत्र्याचं एक कॅरेट मागवायला गेलो. फोन लावून म्हटलं, पैसे माझ्या बाकीतून कापून घे. चार हप्ते थकलेत, पण पोरगं बोललं फार प्रेमानं.

"भाऊ, साइटवर लिहिलंच हाय ना जी, आधी पैसे, मंग माल. उधारीनं धंदा बुडते."