धनंजयराव गाडगीळ आणि 'दिल्लीवाले अर्थतज्ज्ञ' हा शिक्का

अर्थकारणावरच्या मराठी चर्चेत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांविषयी एक ठोकळेबाज मत वारंवार मांडले जाते. त्याचा आशय असा की, ते नियोजन मंडळाच्या खुर्चीतून देश हाकणारे पुस्तकी समाजवादी होते. राज्यांच्या योजनांसाठीची केंद्राची मदत कशी वाटायची हे ठरवणाऱ्या त्यांच्या 'गाडगीळ सूत्रा'ने राज्यांना केंद्राचे मिंधे केले. त्याच सूत्राने महाराष्ट्रासारख्या कमावत्या राज्याचा पैसा मागास राज्यांकडे वळवला. आणि स्वतः एखादा धंदा चालवून पाहण्याची तोशीस मात्र त्यांनी कधी घेतली नाही. (नेहरूंच्या मंत्रिमंडळातले काकासाहेब गाडगीळ वेगळे. आडनावामुळे गोंधळणाऱ्यांसाठी एवढे सांगून पुढे जातो.)

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत लवकर निकालात निघतो. नगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले आणि प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते आणि विखे पाटील उपाध्यक्ष. 1950-51 मध्ये पहिले गाळप झाले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्याने तिथल्या शेतीत काय फरक पडला, बागायती आणि जिरायती गावांच्या उत्पन्नात किती अंतर पडले, याची पाहणी गाडगीळ संचालक असलेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने त्याआधीच केलेली होती. म्हणजे ज्या उसाच्या जोरावर कारखाना चालायचा, त्याचा हिशेब अध्यक्षांनी आधीच मांडून पाहिला होता. पुढे सहकारी साखर कारखानदारीत राजकारण शिरले हे खरे, पण त्यावरून पहिल्या अध्यक्षांना कारखाना ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही.

'खुर्चीत बसून देश हाकणारे' हे वर्णन तारखांसमोर टिकत नाही. 1901 मध्ये नाशिकला जन्मलेल्या गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा केंब्रिजमधला प्रबंध 1924 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते. हस्तव्यवसाय का बुडाले, या प्रश्नाला 'विलायती कापडामुळे' एवढेच उत्तर देऊन ते थांबले नाहीत. मोडीत निघालेले राजदरबार, परकीय सत्तेबरोबर बदललेली अभिरुची आणि प्रगत उद्योगांची स्पर्धा अशी कारणे त्यांनी वेगवेगळी करून तपासली. 1930 मध्ये पुण्यात रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि 1966 पर्यंत ते तिचे संचालक होते. पुणे शहरातील कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी त्याच काळातली. नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद त्यांच्याकडे आले ते 1967 च्या सप्टेंबरात, आणि 3 मे 1971 रोजी त्यांचे निधन झाले. छत्तीस वर्षे पुण्यात आणि चार वर्षांहून कमी दिल्लीत, असा हा हिशेब आहे. कृषिवित्त उपसमिती, राष्ट्रीय उत्पन्न समिती, ग्रामीण पतपाहणी समिती अशी सरकारी सल्ल्याची कामे त्यांनी आधीही केली, परंतु ती पुण्याच्या संस्थेत राहूनच.

'समाजवादी' या शब्दाबद्दल मात्र थोडे मान्य केले पाहिजे. 1947 मध्ये सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला यांच्यासह सरकारच्या वस्तू-किंमत मंडळावर असताना ते वस्तूंच्या किमतींवरची सरकारी नियंत्रणे उठवण्याच्या विरोधात होते, आणि बाजार आपोआप सर्वांचे भले करील यावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. ज्यांना ही भूमिका चुकीची वाटते त्यांनी ती जरूर खोडावी. पण नियंत्रणांचा पुरस्कार ही एक गोष्ट आहे आणि केंद्रीकरणाचा पुरस्कार ही दुसरी, आणि प्रचलित मतात नेमकी हीच सरमिसळ होते.

कारण सूत्र आले ते राज्यांना बांधणारी दावण सैल करण्यासाठी. 1969 पूर्वी राज्यांच्या योजनांना केंद्राची मदत योजनानिहाय मिळे: या कामाला इतके अनुदान, त्या कामाला इतके कर्ज, आणि आपला वाटा राज्याने घातला तरच पैसे. साहजिकच राज्ये आपल्या गरजेची कामे सोडून ज्यावर जास्त अनुदान मिळेल ती कामे हाती घेत, आणि कुणाला किती मिळावे हे बरेचसे दिल्लीतल्या वजनावर ठरे. चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून लागू झालेल्या सूत्राने ही मदत एकत्रित केली आणि वाटपाचे निकष जाहीर केले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्या रकमेपैकी 60 टक्के लोकसंख्येवर, 10 टक्के सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न असलेल्या राज्यांना, 10 टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नांवर, 10 टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि 10 टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. सर्वसाधारण राज्यांना त्यातले 30 टक्के अनुदान आणि 70 टक्के कर्ज. या 70 टक्क्यांच्या कर्जाने पुढे राज्यांवर बोजा चढला, हा आक्षेप रास्त आहे. पण तो घेणारे फारसे भेटत नाहीत.

आता महाराष्ट्राच्या पैशाचे पाहू. गरिबीच्या निकषावर राखलेला हिस्सा फक्त दहा टक्के होता. साठ टक्के लोकसंख्येवर असल्यामुळे 1961 च्या जनगणनेत तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या महाराष्ट्राला त्याची झळ बसण्याचे कारण नव्हते, आणि करप्रयत्नांचा निकष तर नेटाने कर गोळा करणाऱ्या राज्यांना बक्षीस देणाराच होता. खरे तर मूळ सूत्रावर अर्थतज्ज्ञांची टीका नेमकी उलटी होती: ते गरीब राज्यांना पुरेसे झुकते माप देत नाही. म्हणूनच 1980 मध्ये पाटबंधारे-विजेचे दहा टक्के काढून ते दरडोई उत्पन्नाच्या निकषात घातले गेले, आणि 1991 मध्ये नियोजन मंडळाचे तेव्हाचे उपाध्यक्ष प्रणव मुखर्जी यांच्या नावाने त्याचे गाडगीळ-मुखर्जी सूत्र झाले. हे दोन्ही बदल गाडगीळांच्या मृत्यूनंतरचे आहेत, तरी त्यांचा जाब त्यांनाच विचारला जातो.

गाडगीळांची नजर दिल्लीवर किती आणि जिल्ह्यावर किती होती, हे 1969 च्याच आणखी एका अहवालातून दिसते. राष्ट्रीय पत परिषदेच्या अभ्यासगटाचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी बँकांचा विस्तार क्षेत्रनिहाय व्हावा आणि त्याचा घटक जिल्हा असावा, अशी शिफारस केली. त्यातून त्याच वर्षाच्या डिसेंबरात, प्रत्येक जिल्ह्यातल्या बँकिंगचे पुढारपण एका बँकेकडे सोपवणारी अग्रणी बँक योजना सुरू झाली. आजही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला बँकांची बैठक भरते, आणि पीककर्जाचे उद्दिष्ट किती गाठले याचा आढावा अग्रणी बँकेचा जिल्हा व्यवस्थापक तिच्यापुढे ठेवतो.