इंग्रजीचे फौजदार कसे व्हाल?

इंग्रजी शिकण्यात वर्षं जातात. दुसऱ्याचं इंग्रजी दुरुस्त करायला मात्र तीन-चार नियम पुरतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. सोसायटीच्या ग्रुपवर पाणीकपातीची सूचना आली की पाणी कधी जाणार हे नंतर बघा. आधी ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ची गल्लत झालीय का ते तपासा. मोजता येतं तिथे फ्यूअर, नाही तिथे लेस. बादल्या मोजता येतात. सेक्रेटरीला हे सर्वांदेखत सांगा.

नियम आला कुठून, असं कोणी विचारलं तर विषय बदला. कारण १७७० साली रॉबर्ट बेकर या इंग्रज गृहस्थांनी ‘इथे फ्यूअर जास्त बरं वाटतं’ एवढंच आपलं मत दिलं होतं. त्याआधी कित्येक शतकं इंग्रज लोक मोजता येणाऱ्या वस्तूंनाही खुशाल लेस लावत होते. ही बातमी फुटू देऊ नका. त्यापेक्षा टेस्कोचं उदाहरण द्या: २००८ साली त्या ब्रिटिश दुकानांनी कटकट नको म्हणून ‘टेन आयटम्स ऑर लेस’ची पाटी ‘अप टू टेन आयटम्स’ करायला घेतली. चिकाटीने टोकत राहिलं की दुकानदारही वाकतो.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन दिसलं तर सोडू नका. यातले आद्यगुरू इंग्रज कवी जॉन ड्रायडन. १६७२ साली त्यांनी नाटककार बेन जॉन्सनला याच गुन्ह्यासाठी धारेवर धरलं, तेव्हा जॉन्सनला जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. (आरोपी असाच निवडावा.) पुढे ड्रायडननी आपल्याच जुन्या निबंधातली तशी वाक्यंही बदलली, एवढा प्रामाणिकपणा आपल्याला झेपणार नाही. १७६२ साली रॉबर्ट लोथ या पाद्र्याने व्याकरण लिहिलं, त्यात अशा वाक्यांकडे आपल्या भाषेचा फार ओढा आहे असं म्हटलं आणि तेच वाक्य मिस्कीलपणे ‘टू’वर संपवलं. लोथचं नाव घ्या, वाक्य वाचून दाखवू नका.

स्प्लिट इन्फिनिटिव्हचं नुसतं नाव घेतलं तरी समोरचा गप्प बसतो. पुढचं शिकायची गरज नाही.

खरा धोका शब्दांच्या निवडीत आहे. तिकडे फिरकूच नका. चहा स्ट्राँग असतो, पॉवरफुल नसतो. इंजिन मात्र पॉवरफुल. वारा स्ट्राँग, पाऊस हेवी. माणूस टॉल, पण डोंगर हाय. आजारी ब्रिटिश माणूस ‘इन हॉस्पिटल’ असतो आणि तसाच आजारी अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’. का, हे कुठल्याही गाइडात दोन ओळींत मिळत नाही. त्यासाठी ढीगभर वाचावं लागतं, ऐकावं लागतं, मग कुठे कान तयार होतो. आणि असा कान झालेली माणसं बहुधा दुसऱ्याला टोकायचं सोडून तो काय म्हणतोय ते ऐकत बसतात. म्हणून वाचन बेताचंच ठेवा.

आता सराव. मीटिंग ‘प्रिपोन’ झाल्याचा निरोप आला की असा शब्दच इंग्रजीत नाही असं ठणकावून सांगा. तो भारतीयांनी रूढ केलाय, पोस्टपोनच्या उलट म्हणून चपखल आहे, हे मनातसुद्धा आणू नका. कोणीतरी ऑक्सफर्डच्या कोशातली नोंदच पुढे करील. तेव्हा ‘ऑक्सफर्डचाही दर्जा घसरलाय हल्ली’ असं लिहा आणि तो पुढचं काही लिहायच्या आत ग्रुप म्यूट करा.