चुना लावण्याची कोल्हापुरी पद्धत

गावातल्या जुन्या इमारतीचा अभिमान टिकवायचा असेल, तर पहिलं पथ्य पाळा: तिच्या आत जाऊ नका. आत गेलात की बघावं लागतं, बघितलं की प्रश्न पडतात, आणि एकदा प्रश्न पडायला लागले की माणूस अभिमानाच्या कामाचा राहत नाही.

आपला टाउन हॉलच घ्या. भाऊसिंगजी रोड, सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर. अस्सल कोल्हापूरकरानं या इमारतीचा उपयोग रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरता करावा. फार तर दवाखान्यात पेशंटला डबा देऊन झाल्यावर बागेत घटकाभर टेकावं. पुण्या-मुंबईचे पाहुणे आलेच, तर चालत्या गाडीतून बोट दाखवावं आणि 'हे शाहू महाराजांनी बांधलं' असं ठोकून द्यावं. ज्याचा कर्ता ठाऊक नाही ते महाराजांच्या नावावर टाकायची आपली रीतच आहे. महाराजांनी कामंच इतकी करून ठेवलीत, की बहुतेक वेळा ते खरंही निघतं. इथं मात्र फसाल. टाउन हॉलचं काम १८७२ ला सुरू होऊन १८७६ ला संपलं. महाराज तेव्हा कागलच्या घाटग्यांच्या घरात यशवंतराव नावानं रांगून नुकतेच चालायला लागले होते. पाहुण्यांपैकी कुणी इतिहासाचा मास्तर असेल तर गाडी जरा जोरात घ्या.

बांधणाऱ्याचं नाव मेजर चार्ल्स मँट. हे लक्षात ठेवण्याची गरज नाही. लष्करातला इंजिनिअर. टोकदार कमानी, उतरती छपरं, निमुळते कळस असा विलायतेतल्या गॉथिक चर्चचा सगळा थाट त्यानं आपल्या काळ्या मातीत आणून उभा केला. पुढं नव्या राजवाड्याचं काम १८७७ ला निघालं, तोवर गड्याला इथलं पाणी लागलं असावं. राजवाड्यात राजस्थानी, गुजराती, झालंच तर आपल्या वाड्यांची धाटणी, सगळं एका पातेल्यात शिजवलंय. टाउन हॉलसमोरच्या सीपीआरची जुनी इमारतही त्याचीच. म्हणजे तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहिलात तर दोन्हीकडं मँटच. पण उभे राहू नका, मागून केएमटीची बस येते.

या मँटची एक गोष्ट सांगतात. आपली गणितं कुठंतरी चुकलीत आणि बांधलेल्या इमारती कोसळणार, ही धास्ती त्यानं घेतली, डोकं फिरलं आणि १८८१ ला तो गेला. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा तेव्हा अर्धवट होता, तो दुसऱ्यानं पुरा केला. कोसळलं काहीच नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांनी या गोष्टीपासून योग्य तो धडा घ्यावा: बिल निघालं की झोपावं. दीडशे वर्षं टिकणाऱ्या कामाची काळजी करत मरण्यापेक्षा, पहिल्या पावसात उखडणाऱ्या कामावर निवांत जगणं केव्हाही बरं.

आता देखभालीकडं वळू. मँटच्या काळात इथं सिमेंट रुळलं नव्हतं. दगड बसायचा चुन्यात. घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या घाण्यात, मळलेला चुना, त्यात वाळू, कुठं कुठं गूळ नि बेलफळसुद्धा. गुळाच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. चुन्याची खोड अशी, की तो श्वास घेतो. भिंतीत मुरलेला ओलावा सांध्यातून बाहेर सोडतो. आपण काय करायचं? सांधे खरवडून त्यात सिमेंट भरायचं. मग ओल सांध्यातून निघत नाही, ती दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पापुद्रे सुटले की त्यावर ऑइलपेंट. ऑइलपेंटला फोड आले की 'इमारत जुनी झाली' असा अहवाल. हे सगळं टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्याला वेगळं टेंडर काढून करावं.

टाउन हॉल या संकटात सापडू नये म्हणून की काय, १८७६ पासून माणसांसाठी असलेली ही जागा १९४९ मध्ये मूर्तींना दिली गेली. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, तिथं सापडलेल्या वस्तू इथं मांडल्यात. त्यात काशाचा समुद्रदेव आहे, ग्रीकांचा पोसायडन. छोटासाच. सातवाहनांच्या काळात व्यापाऱ्यांबरोबर इथं पोचला असणार. समुद्रापासून इतक्या लांब, घाट चढून आलेल्या समुद्रदेवाला आपण दोन हजार वर्षं पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि २०१९ ला पंचगंगाच गावात आली तेव्हाही कुणाला त्याची आठवण झाली नाही. त्याला बघायला जायचं असेल तर शाळेच्या सहलीबरोबर जा. सहलीतली पोरं इतक्या वेगानं फिरतात, की तुम्हाला काहीही दिसणार नाही.

सभांसाठी बांधलेल्या हॉलमध्ये मूर्ती आल्या, हे एका परीनं बरंच झालं. कोण कुणाचं बोलणं तोडत नाही, कोण सभात्याग करत नाही. बोलायची सोय गावात दुसरीकडं आहेच. नगरपालिका १८५४ ची, तिची महापालिका झाली १९७२ ला, आणि तेव्हापासून हद्दवाढीवर बोलणं सुरू आहे.

गेल्या महिन्यात एका दाखल्यासाठी अशाच एका जुन्या दगडी इमारतीतल्या कार्यालयात गेलो होतो. कुठल्या ते सोडा. व्हरांड्यात रांग होती आणि माझ्या वाट्याला एक खांब आला होता. घडीव काळा दगड, कडा अजून धारदार. कमरेच्या उंचीपासून खांद्यापर्यंत त्याच्यावर पांढऱ्या बोटांचे फराटे. काही ताजे, काही वाळून दगडात बसलेले, एकाखाली एक, कुणी रोज हिशेब मांडल्यासारखे. मी मोजायला लागलो. चाळीसाच्या पुढं गोंधळलो, कारण माझ्या पुढच्या पाहुण्यानं तंबाखू मळून झाल्यावर बोट पुसून आणखी एकाची भर घातली.

मी म्हटलं, "अहो, दीडशे वर्षांची इमारत आहे ही. असले दगड बसवायला घाणीचा चुना लावायचे त्या वेळी."

त्यांनी चिमूट दाढेखाली सरकवली आणि खांबाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मग आम्ही काय वायलं लावतोय?"