गाडीचा आकार नको, टाकीचं झाकण बघा: ‘पेट्रोल वाढलं तरी एसयूव्हीच’ या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरून येतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो: “पेट्रोल सत्तरवरून एकशेपाचवर गेलं, तरी रस्त्यावर एसयूव्हीच वाढल्या. भाव बघून गाडी घेणारा माणूस आता उरलेला नाही. सीएनजी आणि इलेक्ट्रिक हे सगळे सबसिडीचे खेळ. अमेरिकेतही हेच चालतं. म्हणजे लोकांना परवडतंय, महागाईची बोंब बंद करा.” खाली हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

पटलं नाही. यातलं एक वाक्य खरं आहे, ते म्हणजे एसयूव्ही वाढल्या. बाकीची सगळी त्या एका खऱ्या वाक्याच्या पाठीवर बसून आली आहेत.

आधी तो ‘सत्तरवरून एकशेपाच’ हा आकडा घेऊ. सुरुवात कुठून धरायची हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं स्वतःच ठरवलंय. मुंबईत सप्टेंबर २०१३ मध्ये पेट्रोल ८३ रुपये ६२ पैशांवर गेलं होतं. मार्च २०२४ मधली दोन रुपयांची कपात झाल्यावर मुंबईचा भाव होता १०४ रुपये २१ पैसे. म्हणजे दहा वर्षांत वाढ पंचवीस टक्क्यांच्या आत. एवढ्या काळात बाकीच्या वस्तूंचे भाव सरासरी दीडपटीच्या वर गेले. डाळ, शाळेची फी, घरभाडं यांच्या शेजारी ठेवून बघितलं तर २०१३ च्या मानानं पेट्रोल स्वस्तच झालं होतं, हे ऐकायला विचित्र वाटतं पण हिशेब तसाच येतो. मग ‘भाव एवढा वाढूनही लोक मोठ्या गाड्या घेतात’ यातला पहिला अर्धा भागच डळमळीत आहे.

खरा दणका बसला तो मधल्या दोन वर्षांत. लॉकडाउनच्या काळात, मे २०२० मध्ये मुंबईत पेट्रोल ७६ रुपयांच्या घरात होतं. २९ मे २०२१ ला त्यानं शंभरी ओलांडली (परभणीकरांनी ती आधीच बघितली होती, राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल म्हटलं की परभणी ठरलेली) आणि एप्रिल २०२२ मध्ये आकडा १२० रुपये ५१ पैशांवर टेकला. लोक भावाकडे बघतात की नाही हे तपासायचं तर ही दोन वर्षं आणि त्यांच्या नंतरचा काळ तपासायला हवा. फॉरवर्ड नेमकं तिथेच घाईत आहे.

आता एसयूव्ही. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि त्यातल्या जवळपास ६५ टक्के ‘युटिलिटी व्हेइकल’ या खान्यात मोडतात. आकडा खरा आहे, पण त्या खान्यात उभं काय आहे ते बघा. २०२४ मध्ये देशात सर्वाधिक खपलेली गाडी होती टाटा पंच. जाहिरातीत एसयूव्ही, प्रत्यक्षात लांबी ३.८ मीटर, इंजिन १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं. गाड्यांचं मायलेज तपासणारी पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय ही संस्था तिला कागदावर लिटरला वीस किलोमीटरच्या आसपास देते. फ्रॉन्क्स, ब्रेझा, नेक्सॉन या तिघी ३.९९५ मीटरच्या. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, कारण चार मीटरच्या आत राहिलं की कर कमी लागतो. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना सवलत मिळाली तेव्हापासून आपल्याकडची गाडी या फूटपट्टीनं कापली जाते. तेव्हा आपली सरासरी एसयूव्ही म्हणजे उंच केलेली, खड्ड्यात पोट न घासणारी छोटी हॅचबॅक आहे. अमेरिकेतल्या पाच मीटरच्या धुडांशी तिचं नाव सोडून काही जुळत नाही.

तरीही ती हॅचबॅकपेक्षा जास्त पिते, हे मान्य. किती जास्त? महिन्याला हजार किलोमीटर धरा. एक गाडी वीसचं अ‍ॅव्हरेज देते, दुसरी सतराचं. फरक पडतो नऊएक लिटरचा, म्हणजे नऊशे-साडेनऊशे रुपये. तीच गाडी दहा लाखांच्या कर्जावर, सात वर्षं, नऊ टक्क्यांनी घेतली तर हप्ता सोळा हजारांच्या वर जातो. सोळा हजारांचा हप्ता बसवणारा माणूस नऊशे रुपयांसाठी बायको-मुलांना आवडलेली गाडी सोडत नाही. यात भावाकडे दुर्लक्ष कुठे आलं? उलट त्यानं हिशेब केलाय आणि हिशेबात पेट्रोल छोटं निघालंय. महिन्याला पाच हजार किलोमीटर मारणाऱ्याचा हिशेब वेगळा निघतो, आणि म्हणून तो गाडीही वेगळी घेतो. त्याच्याकडे येतोच.

छोट्या गाड्या कमी का झाल्या, तर त्यांचा गिऱ्हाईकच कापला गेला. एअरबॅग-एबीएस सक्तीचे झाले, सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा आगाऊ भरणं आलं, एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले. यातली बरीचशी चांगलीच होती, पण प्रत्येकाचा बोजा सगळ्यात स्वस्त गाडीवर टक्केवारीत सगळ्यात जास्त पडला. अल्टो ८०० अखेर २०२३ मध्ये बंद झाली. तिचा गिऱ्हाईक उठून एसयूव्हीच्या शोरूममध्ये गेला असं समजू नका. तो जुन्या गाड्यांच्या बाजारात गेला किंवा दुचाकीवरच राहिला.

“भाव बघून गाडी घेणारा माणूस उरलेला नाही.” हे वाक्य वाचून डिझेलची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण याहून स्वच्छ पुरावा आपल्या देशात दुसरा नाही.

जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव मोकळा झाला, डिझेलचा सरकारनं धरून ठेवला. दोघांतलं अंतर वाढत गेलं. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी चढून दिल्लीत ७३ वर गेलं, तेव्हा डिझेल होतं ४१. लिटरमागे बत्तीस रुपयांची दरी! डिझेल गाडी साधारण लाखभर रुपये महाग मिळायची. पेट्रोलची पंधरा देते, डिझेलची वीस देते असं धरलं तर किलोमीटरमागे पावणेतीन रुपये वाचायचे आणि पस्तीस-छत्तीस हजार किलोमीटरमध्ये तो जादा लाख वसूल. कचेरी ते घर करणारे लोकसुद्धा डिझेल स्विफ्टसाठी महिनोन्महिने वेटिंगमध्ये राहिले. विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त डिझेलच्या झाल्या. मारुतीला इंजिनं पुरेनात. शेवटी जानेवारी २०१२ मध्ये तिनं स्पर्धक फियाटशी करार केला, वर्षाला एक लाख डिझेल इंजिनं घ्यायचा. ती इंजिनं यायची आपल्या रांजणगावहून. स्पर्धकाच्या कारखान्यासमोर रांग लावायला लावणारी गोष्ट ‘हौस’ नव्हती, बत्तीस रुपये होते.

मग दरी बुजू लागली. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी चढवलं गेलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं तेव्हा दिल्लीतलं अंतर अकरा रुपयांवर आलं होतं. तोच जुना हिशेब आता साठ हजार किलोमीटरवर गेला. गिऱ्हाईक परत फिरला. २०१८-१९ पर्यंत डिझेलचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास उतरला होता, म्हणजे बीएस-६ यायच्या आधीच. पुढे जून २०२० मध्ये दिल्लीत डिझेल चक्क पेट्रोलच्या वर गेलं. मारुतीनं त्याआधीच, एप्रिल २०२० पासून, डिझेल गाड्या बनवणं थांबवलं होतं.

इथे एक गोष्ट फॉरवर्डच्या बाजूनं सांगायला हवी. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली, बीएस-६ मुळे डिझेल इंजिन आणखी महाग झालं, त्यामुळे सगळी घसरण भावाच्या खात्यावर टाकता येत नाही. पण चढ आणि उताराचा पहिला टप्पा, दोन्ही भावाच्या मागोमाग आले. कुणाची हौस एवढ्या शिस्तीत वागत नाही.

आणि सीएनजी? “सबसिडीचा खेळ” म्हणणाऱ्यानं सीएनजीच्या रांगेत एकदा उभं राहावं. कंपनी फिटेड गाडी घेतली की डिकी गेली, सिलिंडरच बसतो तिथे. गावाला जायचं तर बॅगा मांडीवर. (टाटानं २०२३ मध्ये एकाच्या जागी दोन छोटे सिलिंडर खाली बसवून डिकी वाचवली, आणि त्याचीच मोठ्ठी जाहिरात केली. दुखणं किती जुनं होतं ते त्यावरून कळावं.) चढावर एसी बंद करायचा. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाब देऊन तपासणी. पंपावर अर्धा तास रांग, मग गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं, आजीलासुद्धा उतरवायचं, आणि नंबर आला की पोऱ्या सांगतो, “प्रेशर नाहीये, साहेब.” आठ किलोच्या जागी पाच किलो भरून निघायचं आणि परत दोन दिवसांनी यायचं. एवढी कटकट माणूस हौसेनं घेत नाही.

घेतो कारण किलोमीटरमागचा खर्च निम्म्यावर येतो. महिन्याला पाच हजार किलोमीटर मारणारी कॅब घ्या. पेट्रोलवर अठराचं अ‍ॅव्हरेज आणि १०४ चा भाव, खर्च एकोणतीस हजारांजवळ. सीएनजीवर किलोला सव्वीस आणि भाव ७८ धरला तर पंधरा हजार. महिन्याला चौदा हजार वाचतात, हप्त्याचा मोठा भाग निघतो. हे गणित घरगुती गिऱ्हाइकापर्यंतही झिरपलं: २०२४-२५ मध्ये सीएनजी गाड्यांनी डिझेलला मागे टाकलं, विकलेल्या दर पाच गाड्यांत जवळपास एक सीएनजीची होती. त्यातल्या कितीतरी त्याच ‘एसयूव्ही’च्या खान्यातल्या. पंच सीएनजी, ब्रेझा सीएनजी, फ्रॉन्क्स सीएनजी. आकार एसयूव्हीचा, पण झाकण उघडलं तर आत सीएनजीचा नोझल. लोकांनी पेट्रोलवाढीला उत्तर दिलं ते इथे, आणि फॉरवर्ड लिहिणारा गाड्यांची उंची मोजत बसला. सरकारचा हात यात नाहीच असं नाही. राज्यानं एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला. पण कर घटला म्हणजे तरी काय झालं? भावच बदलला ना? भाव बदलल्यावर गिऱ्हाईक हलला, मग ‘भाव कुणी बघत नाही’ हे कुठे राहिलं?

इलेक्ट्रिक दुचाकींच्या बाबतीत मात्र फॉरवर्डचा बाण थोडा लागतो. जून २०२३ मध्ये केंद्रानं सबसिडी कापली. मे महिन्यात लाखाच्या वर विकल्या गेलेल्या इलेक्ट्रिक दुचाकी जूनमध्ये निम्म्याहून खाली आल्या, आणि पेट्रोलचा भाव तेव्हा जागचा हलला नव्हता. सबसिडी चालते, यात वाद नाही. (मेमध्ये अनेकांनी घाईनं घेऊन टाकल्या, तोही भाग आहे.) पण पुढे काय झालं? कापलेल्या सबसिडीवर विक्री पुन्हा चढली, २०२४-२५ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास पोचली. २०२०-२१ मध्ये ती पन्नास हजारांच्या आत होती. नुसता सबसिडीचा खेळ असता तर तो तेव्हाच आटोपला असता.

आणखी एक गोष्ट गाडीविक्रीच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीचं पार्किंग आठवड्याच्या मधल्या वारी बघा. एसयूव्ही कव्हर घालून उभी असते, आणि त्याच फ्लॅटची चेतक किंवा आयक्यूब ही इलेक्ट्रिक स्कूटर सकाळी ऑफिसला गेलेली असते. चार्जिंग पॉइंटवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये होणारी भांडणं उगाच नाहीत. घरात दोन वाहनं असली की पेट्रोलचा भाव ठरवतो तो आज किल्ली कुठली उचलायची हे. तक्त्यात ती एक एसयूव्ही म्हणून मोजली जाते, मग ती महिन्याला दोनशे किलोमीटर फिरो की दोन हजार.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. २००८ च्या उन्हाळ्यात तिथे पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर असलेल्या फोर्डच्या एफ-सीरिज पिकअपला होंडा सिव्हिकनं मागे टाकलं. वर्षअखेरीला भाव कोसळला आणि पिकअप परत वर आले. मेगन बस, ख्रिस्टोफर निटेल आणि फ्लोरियन झेटलमायर या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये तिथल्या प्रत्यक्ष विक्रीचा अभ्यास छापला. गॅलनमागे एक डॉलर वाढला की नव्या गाड्यांपैकी सर्वांत जास्त मायलेजच्या चौथाईचा बाजारातला वाटा सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो, सर्वांत कमी मायलेजच्या चौथाईचा २७ टक्क्यांनी घटतो. ‘अमेरिकेतही हेच’ म्हणजे नेमकं काय, ते आता फॉरवर्डकर्त्यानंच सांगावं.

राहता राहिलं “लोकांना परवडतंय”. या देशात पेट्रोल जातं कुणाच्या टाकीत? पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या आकडेवारी ठेवणाऱ्या कक्षासाठी नील्सन या पाहणी कंपनीनं २०१३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत उत्तर मिळालं होतं: ६१ टक्क्यांहून जास्त दुचाकींच्या, ३४ टक्के मोटारींच्या. म्हणजे एसयूव्ही बघून पेट्रोल परवडतं की नाही ठरवायचं, तर मुख्य गिऱ्हाइकाला विचारायचंच नाही. त्या गिऱ्हाइकानं काय केलं? २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी १२ लाखांच्या आसपास दुचाकी खपल्या होत्या. २०२१-२२ मध्ये १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. करोना, गेलेल्या नोकऱ्या, बीएस-६ मुळे वाढलेल्या किमती, पाच वर्षांचा आगाऊ विमा, सगळं त्यात आहे, पेट्रोलही आहे. २०२४-२५ मध्येसुद्धा आकडा जुन्या शिखराच्या खालीच राहिला, मोटारींची विक्री नवे उच्चांक करत असताना.

रोज साठ किलोमीटर फिरणारा डिलिव्हरीवाला किंवा दूधवाला घ्या. साठचं अ‍ॅव्हरेज, दिवसाला एक लिटर. ७६ चं पेट्रोल १२० झालं तेव्हा सव्वीस दिवसांचे अकराशे-साडेअकराशे रुपये जादा गेले, आणि त्याच्यासाठी ते एसयूव्हीवाल्याच्या नऊशेसारखे ‘हिशेबात छोटे’ नव्हते. बजाजनं जुलै २०२४ मध्ये पुण्यात सीएनजीची मोटरसायकल आणली ती याच माणसाकडे बघून, ९५ हजारांपासून पुढे. पण नवी गाडी घेणं हा त्याच्या दृष्टीनं शेवटचा पर्याय. तो गॅरेजवाल्याकडे जातो, बोअर मारून नवं पिस्टन आणि रिंगा टाकून घेतो, आणि जुनीच स्प्लेंडर आणखी चार वर्षं ओढतो. पेट्रोल महागल्यामुळे घेतलेला हाही वाहनाबद्दलचा निर्णयच आहे, फक्त त्याची पावती कुठल्या शोरूममधून निघत नाही.